३५ लाखांचं कर्ज काढून निसर्गसंवर्धन शिकायला परदेशी जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी बडोद्याची. सयाजीराव विद्यापीठातून प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली, कॉलेजात असल्यापासून मगरींच्या रेस्क्यू कॉलवर स्वयंसेवक म्हणून जाणारी. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाने तिला संवर्धनशास्त्राच्या एक वर्षाच्या एम.एस्सी.ला प्रवेश दिला आहे आणि डिपॉझिट भरायची तारीख तोंडावर आली आहे. बाबा मांजलपूरचा फ्लॅट तारण ठेवून ३५ लाख उचलायला तयार आहेत. त्यांचं म्हणणं, "सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवलं, मग मी माझ्या मुलीला का पाठवू नये?" तिचे प्रश्न दोन: जाऊ का? आणि परत आल्यावर इथे काम मिळेल का?

मी गुजरातमधल्या नद्या-तळ्यांवर काम करते, मुख्यतः जिथे माणूस आणि वन्यप्राणी एकाच काठावर राहतात तिथे. मास्टर्स बाहेर केलं, शिष्यवृत्तीवर. आता प्रकल्पांसाठी नवी मुलं-मुली निवडायचं कामही माझ्याकडे असतं. त्यामुळे हे उत्तर शिकणारीचं आहे आणि नोकरी देणारीचंही. तू वयाने लहान आहेस म्हणून 'तू'च म्हणते.

उत्तर आधीच सांगून टाकते. जा, नक्की जा. पण या सप्टेंबरला नको, आणि या कर्जावर तर नकोच.

तुझा खरा प्रश्न 'जाऊ का' हा नाहीच. तिथे जे शिकायचं ते कशासाठी शिकायचं, हे आज तुला सांगता येतं का, हा आहे. तू पाठवलेल्या मजकुरात विद्यापीठाचं नाव, रँकिंग, फी, व्हिसा सगळं होतं. बडोद्यातून वाहणाऱ्या, मगरींच्या विश्वामित्री नदीबद्दल मात्र एकच ओळ होती, आणि ती रेस्क्यूची. मला त्या ओळीबद्दल जास्त ऐकायचं होतं.

पैशांचं आधी बोलू, कारण घरी त्याचीच चर्चा चालू असणार. ३५ लाखांचं कर्ज दहा वर्षांसाठी, १० टक्के व्याजाने धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण ४६ हजार रुपये बसतो. शिकत असताना साठलेलं व्याज वेगळं. आता दुसरी बाजू बघ. सरकारी निधीतल्या संशोधन प्रकल्पात जेआरएफचं, म्हणजे कनिष्ठ संशोधकाचं, मानधन जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, वर घरभाडं. आणि आपल्या क्षेत्रात सुरुवातीला जेआरएफ मिळणं म्हणजे चांगलं समजतात. संस्थांमध्ये पहिला पगार बहुतेक वेळा याच्या आसपास किंवा कमी असतो. म्हणजे पूर्ण पगार हप्त्यात घातला तरी पुरत नाही. मग काय होतं ते मी पाहिलं आहे. हुशार, मनापासून काम करणारी मुलं परत येतात आणि वर्षभरात कुठल्यातरी कंपनीत पर्यावरण अहवाल लिहायला बसतात. हप्ता त्यांना नदीवर थांबू देत नाही. ते कामही प्रामाणिकपणे करता येतं, पण तू त्यासाठी निघालेली नाहीस.

बाबांना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग की १९१३ साली बडोदा संस्थानाने बाबासाहेबांना दिली ती शिष्यवृत्ती होती. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत येऊन संस्थानाची नोकरी करायची असा करार. घर कुणी तारण ठेवलं नव्हतं. बाबांची इच्छा मोठी आहे, तिला तोलणारी वाट शोधणं हे आता तुझं काम.

आता बाहेर जाऊन नेमकं काय मिळतं ते बोलू, म्हणजे मी 'नको' का म्हणते ते कळेल.

विश्वामित्रीतल्या मगरींची मोजणी होते, आकडा वर्तमानपत्रात येतो, लोक म्हणतात मगरी वाढल्या. तू रात्रीच्या मोजणीला गेली असशील. टॉर्च पाण्यावरून फिरवला की मगरीचे डोळे लालसर निखाऱ्यासारखे चमकतात, आणि आपण ते मोजत पुढे जातो. समज, एकाच पट्ट्यात पहिल्या रात्री २० दिसल्या, दुसऱ्या रात्री ३१, तिसऱ्या रात्री १६. तीन रात्रींत मगरी जन्मल्या-मेल्या नाहीत. वारा होता, पाणी चढलं, काठावर वरातीचा बँड वाजत होता, काही पाण्याखाली होत्या, काही बिळात. बदलली ती दिसण्याची शक्यता. मग खरी संख्या किती? ३१? की त्याहून जास्त? दिसलेल्यांवरून न दिसलेल्यांचा अंदाज कसा बांधायचा, त्यासाठी किती फेऱ्या मारायच्या, कुठल्या अंतराने मारायच्या, आणि अंदाजासोबत 'इतकं कमी-जास्त असू शकतं' हे प्रामाणिकपणे कसं लिहायचं, याचं एक आख्खं शास्त्र आहे. चांगल्या मास्टर्समध्ये ते हाडात मुरेपर्यंत करून घेतात, 'आर' नावाच्या सॉफ्टवेअरवर रात्र-रात्र बसवून.

दुसरी गोष्ट माणसांची. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या तेव्हा शहर घाबरलं. पण चरोतरात, म्हणजे आणंद-खेडा भागात, मलातजसारख्या गावात, त्याच जातीच्या मगरी तळ्याच्या काठावर पडलेल्या असतात आणि थोड्या अंतरावर बायका कपडे धुतात. खोडियार माताजीचं वाहन मगर, हे कारण आहेच, पण तेवढंच आहे का? तळ्याचा आकार, गुरांना पाणी पाजायची जागा, मागे कुणाला इजा झाली का, पंचायत काय करते, हे सगळं कसं विचारायचं, कुणाला विचारायचं, उत्तरात 'ताईंना बरं वाटावं म्हणून सांगितलेलं' किती हे कसं ओळखायचं? हेही शिकावं लागतं. आपल्याकडच्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात ते जवळजवळ नसतं. केंट विद्यापीठात १९८९ साली निसर्गलेखक जेराल्ड ड्युरेल यांच्या नावाने सुरू झालेली संस्था आहे, तिथे जीवशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र शिकवण्यावर सुरुवातीपासून भर राहिला. बाहेर जाण्यासारखं काही असेल तर ते हेच: मोजण्याची शिस्त, माणसांना विचारण्याची शिस्त, आणि वेगवेगळ्या देशांतून आलेले सोबती, जे हत्तींवर किंवा प्रवाळांवर काम करताना तुझ्यासारख्याच अडचणीत सापडलेले असतात.

पण हे शिकताना तुझ्याकडे स्वतःचा प्रश्न हवा. वर्गात दिलेली उदाहरणं सोडवून परीक्षा पास होता येते. शिकलेलं टिकतं ते आपल्या नदीचे आकडे त्यात घालून पाहिले तर. तीन रात्रींचे तीन वेगळे आकडे ज्याने स्वतः वहीत लिहिलेत, तो त्या लेक्चरला पहिल्या बाकावर सरसावून बसतो.

याहून व्यावहारिक गोष्ट कॅलेंडरची आहे, आणि ती परदेशी प्रवेश मिळवून देणारा कुठलाही कन्सल्टंट सांगत नाही. ब्रिटनची एक वर्षाची एम.एस्सी. सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते. उन्हाळ्यापर्यंत वर्ग, निबंध, परीक्षा. डिसर्टेशनचं फील्डवर्क साधारण मे ते जुलै, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात प्रबंध सादर. आता हे आपल्या नदीवर ठेवून बघ. मगरी उन्हात बसायला बाहेर पडतात थंडीत, दिवसा मोजायला तेच दिवस चांगले. तेव्हा तू वर्गात. अंडी घालतात फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हाही तू वर्गात. तू येशील तेव्हा बडोद्यात ४२ अंश असेल, मग पिल्लं बाहेर पडायची वेळ, आणि लगेच पाऊस. नदी फुगली की काम बंद. डभोईजवळच्या वढवाणा तलावाचंही तेच. २०२१ पासून ती रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ आहे, पट्टकादंब आणि कलहंस तिथे येतात हिवाळ्यात. जूनमध्ये तिथे काय मोजणार?

याचा अर्थ एक वर्षाचा कोर्स वाईट असा नाही. याचा अर्थ, त्या कोर्समध्ये शिरताना एक-दोन हिवाळ्यांचे आकडे तुझ्या बॅगेत आधीच असायला हवेत, म्हणजे डिसर्टेशनचे महिने विश्लेषणाला मिळतील आणि मे-जून लोकांच्या मुलाखतींना. किंवा मग दोन वर्षांचा कोर्स निवड, ज्यात मधला एक हिवाळा मोकळा काढता येतो. नेदरलँड्समध्ये वाखनिंगेनला जंगल आणि निसर्गसंवर्धनाचं दोन वर्षांचं मास्टर्स आहे. जर्मनीत ग्योटिंगेनला आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धनाचा कोर्स आहे, न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठाबरोबर मिळून चालवलेला. जर्मनीत सरकारी विद्यापीठांची फी बहुतेक राज्यांत नाममात्र असते. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे फ्रायबुर्ग वगैरे, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. राहण्याचा खर्च मात्र आधी दाखवावा लागतो, आणि व्हिसाआधी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) काढावं लागतं, त्यात वेळ जातो.

परवानगीचं विसरू नकोस. मगर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि ती यायला महिने जातात. परदेशी विद्यापीठाचं पत्र जोडलं की काम लवकर होतं असं अनेकांना वाटतं. माझ्या अनुभवात उलट शंका जास्त विचारल्या जातात, आणि त्यात गैर काही नाही. रक्त, कातडीचा तुकडा असलं काही नमुना म्हणून बाहेर न्यायचा विचार असेल तर तो सोडूनच दे. मगर साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि वर आपला जैवविविधता कायदा. एक वर्षाच्या कोर्सच्या मधोमध हे सगळं सुरू करणारी मुलं शेवटी कुणाच्यातरी जुन्या आकडेवारीवर प्रबंध लिहितात. जिला वनखात्याचे बीट गार्ड आधीपासून ओळखतात, जिचा अर्ज आधीच्या वर्षीच गेलेला असतो, तिचं काम होतं.

आता 'तुम्ही नोकरी देताना काय बघता' याचं उत्तर. डिग्री कुठली हे मी बघते, पण ते पहिलं नसतं. पहिलं मी फील्डची वही मागते. तारीख, वेळ, जागा, हवा, काय दिसलं, काय दिसलं नाही. 'दिसलं नाही' लिहिणारी माणसं कमी असतात आणि तीच मला हवी असतात. मग एक लहानशी आकडेवारी देऊन दोन तास बसवते. मग गावात नेते. तुझी इथे मोठी जमेची बाजू आहे, जी तू लिहिलीसुद्धा नाहीस: घरी मराठी, बाहेर अस्खलित गुजराती. काठावरच्या मच्छीमाराशी, डेअरीवरच्या काकांशी दुभाष्याशिवाय बोलता येणं ही गोष्ट कुठलंही विद्यापीठ शिकवू शकत नाही. ती आणि वर सांगितलेली मोजण्याची शिस्त, दोन्ही एका माणसात असली की काम मिळतं. नुसती डिग्री घेऊन आलेल्यांना वाट पाहावी लागते. सरकारी नोकरीचा विचार असेल, म्हणजे भारतीय वन सेवा किंवा राज्याच्या वनखात्याच्या परीक्षा, तर त्यासाठी परदेशी मास्टर्सची गरजच नाही.

बाहेर जायच्या आधी देशातल्या दोन दारांवर टकटक कर. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, तिची वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. १९८८ पासून चालते, आणि बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेचा वन्यजीव जीवशास्त्र आणि संवर्धनाचा कोर्स. जागा मोजक्या, प्रवेश दरवर्षी निघतोच असं नाही, परीक्षा कठीण. पण मिळालं तर दोन वर्षं भारतातल्या जंगलांतच शिकशील आणि कर्जाचा डोंगर नसेल. माझ्या ओळखीतले कितीतरी उत्तम संशोधक इथूनच निघाले, आणि बाहेर गेले ते पीएच.डी.ला, जिथे विद्यापीठच पैसे देतं.

शिष्यवृत्त्यांकडे बघितलंस तर एक गोष्ट लक्षात येईल: बहुतेक मोठ्या शिष्यवृत्त्या तुला आज मिळणारच नाहीत, आणि दोन वर्षांनी मिळू शकतील. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा, अनुभव लागतो. त्यात स्वयंसेवी कामही धरतात. कॉलेजातले तास धरतात का ते त्यांच्या नियमांत बघ, आणि तुझ्या रेस्क्यूच्या तासांचं संस्थेकडून पत्र घेऊन ठेव. शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट आहे, आपल्याला ती सोयीचीच. अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्सला तीन वर्षांचा अनुभव लागतो. केंब्रिजचा संवर्धन-नेतृत्वाचा एम.फिल. तर काही वर्षं काम केलेल्यांसाठीच आहे. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडसला अनुभवाची सक्ती नसते. मिळालं तर फी माफ आणि महिना १,४०० युरो, दोन वर्षांपर्यंत. पण तिथे स्पर्धा जगभरच्या मुलांशी आहे, आणि अर्जात वेगळेपण येतं ते कामातूनच. आणि आपल्या क्षेत्रासाठीच असलेली इनलॅक्स-रवी शंकरन फेलोशिप. रवी शंकरन यांनी तणमोर या पक्ष्यावर, अंदमानातल्या पाकोळ्यांवर आयुष्य घातलं. २००९ साली ते अकाली गेले. त्यांच्या नावाने भारतातल्या तरुण संवर्धकांना बाहेर शिकायला मदत मिळत आली आहे, यंदा अर्ज घेतात का ते बघ. तुझ्यासारखीसाठीच ती आहे असं मला मनापासून वाटतं. थोडं कर्ज काढावंच लागलं तर राज्य सरकारच्या निगमांच्या कमी व्याजाच्या परदेश-अभ्यास कर्जाच्या अटी बघ, बँकेत जायच्या आधी.

हे सगळं तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मला माहीत आहे. बाबांकडे हे पैसे कर्ज न काढता असते तर मी म्हटलं असतं, विद्यापीठाशी डिसर्टेशनबद्दल बोलून घे आणि जा. तुला तिकडेच स्थायिक व्हायचं असेल तर हिशोब वेगळा, पण मग ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतर राहण्याचे नियम कडक होत चालले आहेत ते नीट वाच. आणखी एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण मुलगी म्हणून मी विचारते. 'आत्ता गेले नाही तर दोन वर्षांनी घरचे पाठवणार नाहीत, तोवर स्थळं बघायला लागतील' अशी भीती आहे का? असेल तर ती खरी आहे, तिला क्षुल्लक म्हणू नकोस. तसं असेल तर दोन वर्षं थांबण्याचा माझा सल्ला तसाच्या तसा घेऊ नकोस. बाबांशी उघड बोल: पैसे आत्ता नको, शब्द आत्ता द्या. त्यांना दोन वर्षांचा आराखडा कागदावर दाखव, कुठल्या महिन्यात कुठला अर्ज जाणार ते लिहून. जो बाप फ्लॅट तारण ठेवायला तयार आहे, तो हे ऐकेल.

अर्जात जे निवेदन लिहावं लागतं त्याबद्दल एवढंच. 'मला लहानपणापासून प्राण्यांची आवड' हे वाक्य काढून टाक, ते सगळेच लिहितात. काला घोडा पुलापासून खाली एखादा किलोमीटरचा पट्टा घे आणि त्याबद्दल लिही. तिथे बिळं कुठे आहेत, कचरा कुठून पडतो, कोण गुरं आणतं, तुला काय कळत नाही. 'मला हे कळत नाही' असं नेमकं लिहिता आलं की निवडणाऱ्याला तू कळतेस.

आता या आठवड्यात काय करायचं. विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ईमेल लिही आणि चार गोष्टी विचार. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का. ढकलला तर डिपॉझिट आत्ता भरायचं की पुढच्या वर्षी, आणि भरलेलं डिपॉझिट कुठल्या परिस्थितीत परत मिळतं. डिसर्टेशन भारतात करता येतं का आणि त्यासाठी मार्गदर्शक कोर्स सुरू व्हायच्या आधी ठरवता येतो का. आणि तुमच्याकडे भारतीय विद्यार्थ्यांसाठी फी-सवलत आहे का, असेल तर तिची तारीख काय. फोनवर विचारू नकोस, लेखीच हवं. कन्सल्टंटमार्फतही नको, त्याचं कमिशन तू याच वर्षी जाण्यात आहे. त्याच दिवशी ज्या संस्थेबरोबर रेस्क्यूला जातेस तिथे सांग की या हिवाळ्यात एका पट्ट्याची मोजणी तुला लावून घ्यायची आहे, आणि परवानगीच्या अर्जावर तुझं नाव घालतील का ते विचार. पाऊस संपेपर्यंत 'आर' शिकायला वेळ आहे. शिकवण्या फुकट मिळतात. अडलीस तर विचार.

विद्यापीठाचं उत्तर आलं की त्यातला डिपॉझिटचा भाग मला जसाच्या तसा पाठव, बाबा बँकेत सही करायच्या आधी.